सत्त्याऐंशीपट लहान, एका रविवारी

श्रोतेहो, नमस्कार.

चोवीस डब्यांची एक्स्प्रेस गाडी घरात उभी करायची झाली तर किती जागा लागेल? खरी नव्हे हो, खेळण्यातली. म्हणजे तिला खेळणं म्हटलेलं त्या छंदातल्या लोकांना आवडत नाही, पण ते असू दे. हिशोब सोपा आहे. आपला जुना निळा डबा बफरपासून बफरपर्यंत साधारण सव्वाबावीस मीटर लांब. चोवीस डबे म्हणजे अर्धा किलोमीटर उलटून थोडं पुढे. छोट्या रेल्वेचं जगभर सर्वांत जास्त चालणारं माप आहे एकास सत्त्याऐंशी, त्याला एचओ म्हणतात. त्या मापात ही गाडी होते सहा मीटरहून थोडी जास्त, म्हणजे वीस फूट. आमचा हॉल पंधरा फुटांचा. इंजिन बाल्कनीत ठेवलं तर गार्डाचा डबा जिन्यात जाईल, आणि जिन्यात शेजाऱ्यांच्या सायकली आहेत.

हा हिशोब मी केला तो पुण्यातलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून आल्यावर. कोथरूडला, कर्वे रस्त्याच्या भागात, भाऊ जोशी यांनी हयातभर जोपासलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. एक अख्खं लहान शहर आहे तिथं. रेल्वे तर आहेच, शिवाय रस्ते, सर्कस, पोहण्याचा तलाव. कुणीतरी माहिती सांगत असतं, तसतशा एकेक गाड्या हलायला लागतात. बऱ्याच पुणेकरांचं ते 'एकदा बघायचं आहे' यातच अडकलेलं असतं. आमचंही तसंच होतं. रविवारी सकाळी थोरलीचा चित्रकलेचा क्लास, दुपारी धाकट्याची झोप, संध्याकाळी कुणाकडे तरी जायचं असतंच. सासूबाईंचे गुडघे, माझी महिनाअखेरीची कामं. नवऱ्याला लहानपणापासून रेल्वेचं वेड, म्हणून तो दर दोन महिन्यांनी विषय काढायचा आणि मी "बघू" म्हणायचे. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी ठरलं ते काटछाट करून. क्लास बुडवायचा, दुपारची झोप रिक्षात झाली तर झाली. पाच माणसं एका रिक्षात मावत नाहीत, त्यामुळे दोन रिक्षा. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गं, मला दोन तास घर रिकामं मिळू दे." यात त्याग वगैरे काही नव्हता. त्यांना मनापासून हवं होतं ते. सासरे मात्र सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार. ते रेल्वेत गार्ड होते. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते स्वतःला गार्डच म्हणतात.

आणि तिथं एक गंमत माझ्या लक्षात आली. टेबलावर मांडलेली रेल्वे आपण मोठी माणसं वरून बघतो. माझे डोळे रुळांच्या वर दोन फूट असतील, तर त्या शहराच्या हिशोबानं मी त्रेपन्न मीटर उंचीवर आहे. म्हणजे सोळा-सतरा मजली इमारतीच्या गच्चीवर. तिथून काय दिसणार? छपरं. धाकटा चार वर्षांचा आहे, त्याची हनुवटी टेबलाच्या काठाशी. त्याच्यासाठी गाडी समोरून येते, अंगावर येते, खिडक्या एकामागून एक जातात. तो फलाटावर उभा होता आणि आम्ही सगळे गच्चीवर. लहान मुलाला नीट दिसावं म्हणून आईबाप त्याला लगेच उचलून घेतात. मीही हात पुढे केले होते, त्यानं झटकून टाकले. माझं सांगणं एवढंच, की मूल काठापर्यंत पोचत असेल तर त्याला उचलू नका. जमलं तर तुम्हीच वाका. कंबर दुखेल, पण गाडी दिसेल.

सासरे बघत होते गाडीचा शेवट. इंजिनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गाडी वळणावरून गेली की मान वाकडी करून शेवटच्या डब्याकडे. मग म्हणाले, "एल.व्ही. कुठेय?" खऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यावर मागे ही पाटी लावतात, एल.व्ही., म्हणजे शेवटचा डबा. रात्री लाल दिवा असतो. स्टेशनवरच्या माणसाला ती खूण दिसली, की गाडी अख्खी आली, मधे कुठे डबे सुटून राहिले नाहीत, मागचा रूळ मोकळा, हे त्याला कळतं. ती खूण दिसली नाही तर मागच्या गाडीला सोडायचं नाही. सासऱ्यांनी सगळी नोकरी त्या शेवटच्या डब्यात काढलेली, त्यांची नजर दुसरीकडे जाणारच नाही. थोरलीनं ते उचललं. बाहेर पडताना धाकटा चपला घालत मागे रेंगाळला होता, तर ही दारात उभी राहून ओरडते, "थांबा, एल.व्ही. यायचाय अजून!" तेव्हापासून घरात धाकट्याचं तेच नाव पडलं आहे.

नवऱ्याला भेटला घाट. म्हणजे चढाचा प्रश्न. आपला बोरघाट तुम्ही रेल्वेनं चढला असाल. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, आणि चढ कुठे कुठे सदतीसला एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात ती यासाठी. आता छोट्या रेल्वेत काय होतं? इंजिन हलकं, चाकंही गुळगुळीत, रूळही गुळगुळीत, त्यामुळे चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून ही मंडळी शंभराला दोन, फार तर तीन एवढाच चढ ठेवतात. सदतीसला एक म्हणजे शंभराला पावणेतीनच्या आतबाहेर. १८६३ मध्ये तो घाट खुला झाला, आणि टेबलावरच्या रेल्वेलाही आज जवळपास तीच हद्द आहे, याचं मला फार नवल वाटलं. पण तो घाट एकास सत्त्याऐंशी मापात जसाच्या तसा करायचा, तर लांबी होईल तीनशे बावीस मीटर. मग काय करतात? दोन बोगदे ठेवतात, एक पूल ठेवतात, बाकी सोडून देतात. अठ्ठावीस किलोमीटरचा घाट बारा फुटांत बसतो, आणि बघणाऱ्याला तो घाटच वाटतो. काय ठेवायचं हे ज्याला कळलं त्याचं काम चांगलं दिसतं. बारकावे सगळे भरणारे असतात, त्यांचं काम बघून मी दमते.

हॅम्बुर्गला ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली सुरू केलेलं मिनियेचर वंडरलँड आहे, तेही याच मापाचं. तिथं दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळून रात्र होते. जर्मनीत कुणी श्रोते असतील तर पोरांना घेऊन जरूर जा. पण ते फार मोठं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर सगळं बघायच्या फंदात पडू नका, दोन कोपरे धरा आणि तिथंच थांबा.

एक गोष्ट मात्र घरी आल्यावर नवऱ्याला खटकली, ती सांगते. एचओ मापाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात. हे माप ठरलं ते युरोपच्या स्टँडर्ड गेजवरून, म्हणजे तिथल्या खऱ्या दोन रुळांमधल्या अंतरावरून, १४३५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६. म्हणजे आपल्या गाडीला एकोणीस मिलिमीटरहून जास्त अंतर हवं. पण तसे रूळ सहसा तयार मिळत नाहीत, स्वतः ठोकावे लागतात. म्हणून आपल्याकडचे बहुतेक लोक भारतीय डबा युरोपच्या रुळांवरच चालवतात आणि समोरून बघायचं टाळतात. सासरे म्हणाले, "चालतंय. पडत नाही ना गाडी?"

आता आमच्याकडे वाटाघाटी सुरू आहेत. एचओला वळण घ्यायलाच अडीच फूट लागतात, ते जमणार नाही. त्याहून लहान एक माप आहे, एन, एकास एकशे साठ. त्यात चोवीस डबे अकरा फुटांत बसतात आणि दोन फुटांच्या फळीवर गाडी गोल फिरू शकते. नवऱ्यानं चार बाय दोनची फळी मागितली आहे. थोरलीला त्यावर माथेरान हवंय. धाकट्याला सर्कस. हॉलच्या ज्या कोपऱ्यात फळी बसेल तो कोपरा गणपतीचा, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. म्हणून फळी मधोमध कापायची, बिजागऱ्या लावायच्या, आणि हरतालिकेच्या आधी सगळी रेल्वे घडी करून पलंगाखाली. सुतार बुधवारी माप घ्यायला येतोय. घाट करायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही, कारण डोंगर घडी कसा करायचा हे कुणालाच सांगता येत नाहीये.

नमस्कार.