मावशीचं ऑपरेशन आणि खुर्चीवरून उठणं

नमस्कार श्रोतेहो. माझ्या मावशीचं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून फोंड्याच्या बाजारात सुद्धा कोणीतरी मला थांबवतं आणि विचारतं, अगो, तिला 67 वर्षं, ह्या वयात कशाला ते धाडस?

आधी एक आकडा सांगते. 2023 साली आयसीएमआरचा, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा सर्व्हे आला, त्यात मधुमेहात देशात पहिला नंबर आपल्या गोव्याचा, 26.4 टक्के. देशाची सरासरी 11.4. म्हणजे मावशीसारखी वजन, शुगर, बीपी आणि गुडघे हे चारही घेऊन बसलेली माणसं आपल्या घराघरात आहेत.

भीती उगाच नव्हती हां. 2005 साली अमेरिकेत वजन उतरवायचं ऑपरेशन झालेल्या, सरकारी विम्यावरच्या पेशंटांचा अभ्यास झाला, त्यात 65 च्या वरचे 100 मागे जवळजवळ 5 जण महिन्याभरात गेले होते. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या सर्जनचा हात बसलेला नव्हता त्यांच्याकडे मृत्यू जास्त. आता दुर्बिणीतून, लहान छेदांनी करतात आणि साठीपुढच्यांतही हे प्रमाण 100 मागे एकाच्या खाली आलंय. गुंतागुंत तरुणांपेक्षा थोडी जास्त होते, वजनही थोडं कमी उतरतं, ते मान्य करूनच पुढे जायचं. म्हणून डॉक्टरांना न लाजता विचारा, तुम्ही वर्षाला अशी किती करता, त्यात साठीच्या वरचे किती.

2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वयाची वरची मर्यादाच नाही. बघायचं ते शरीर किती थकलंय ते. मावशीला पहिल्याच भेटीत हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं, चालायचा वेग बघितला, हृदय तपासलं, झोपेत श्वास अडकतो का ते पण. मला वाटतं हीच खरी परीक्षा.

स्लीव्ह म्हणजे पोट लहान करायचं हे ऑपरेशन, त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, मग खाणं घोट-घोट, घास-घास. आणि म्हाताऱ्या माणसाचं वजन उतरताना चरबीबरोबर स्नायू पण जातो, हाडं ठिसूळ होतात, पडलं की खुबा मोडलाच. आपलं शीतकडी म्हणजे ताटभर शीत (भात) आणि कडेला बांगड्याचा तुकडा, ते उलटं करावं लागतं, आधी बांगडा, अंडं, मूग, मग जागा उरली तर दोन घास शीत. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन, आणि रोज थोडं उठबशी-वजन उचलण्याचा व्यायाम.

शुगरचं म्हणाल तर ती पूर्ण सुटेलच असं नाही, जुना मधुमेह आणि इन्सुलिन असेल तर ती शक्यता कमीच. मावशीचं इन्सुलिन गेलं, एक गोळी राहिली. बीपीच्या गोळ्या मात्र पटापट कमी कराव्या लागल्या, नाहीतर उठताना चक्कर यायची, त्यामुळे पहिले काही महिने घरी बीपी मोजाच.

बी-12, लोह, कॅल्शियम, डी आयुष्यभर. मावशीने "आता बरी झाले" म्हणून गोळ्या सोडल्या आणि काही महिन्यांनी पायाला मुंग्या, तपासलं तर बी-12 खूपच कमी. आता दर रविवारी आठवड्याच्या गोळ्यांचा डबा माझा मुलगा भरतो आणि ती शेजारी बसून मोजते.