सर नसलेला ग्रुप

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या एमएस्सी फिजिक्सच्या वर्गाचे व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ग्रुप आहेत. एकात मी आहे. मी वेळापत्रक टाकतो, खाली 'ओके सर', 'ओके सर' अशी रांग लागते, की संपलं. दुसऱ्यात मी नाही. खरा वर्ग तिथं भरतो, हे परवा एका विद्यार्थ्यानं मोबाइल पुढं केला तेव्हा कळलं.

परीक्षेआधीची रात्र, पावणेबारा. 'युनिट थ्रीच्या नोट्स आहेत का कोणाकडे?' मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. खाली तीन पीडीएफ, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मेसच्या भाजीचा उद्धार. आणि त्या गर्दीत एका मुलीचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज, वेव्ह फंक्शनवर, म्हणजे सूक्ष्म कण कुठं सापडण्याची शक्यता किती हे ज्यावरून कळतं त्या गणितावर. "अरे, भिंतीत शिरल्यावर वेव्ह फंक्शन एकदम शून्य होत नाही, घटत जातं. भिंत पातळ असली तर पलीकडे थोडं उरतंच, म्हणून कण पलीकडेही सापडू शकतो. तेच टनेलिंग." मागून रूममेट ओरडतेय, "लाइट बंद कर गं!"

ही मुलगी माझ्या तासाला तोंड उघडत नाही. कारण मी प्रश्न इंग्रजीत विचारतो.

पोरं मोबाइलवर गप्पा मारतात की अभ्यास करतात, असं पालक मला विचारतात. तिथं ते वेगळं काढताच येत नाही. फेसबुक 2004 साली हार्वर्डच्या वसतिगृहात सुरू झालं तेही आधी विद्यार्थ्यांपुरतंच, एकमेकांची ओळखदेख व्हावी म्हणून. केकला 'हॅपी बर्थडे' म्हणणाऱ्यालाच मध्यरात्री शंका विचारायची भीड वाटत नाही. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत माणसं मावतात; स्पर्धा परीक्षेवाल्यांना तिथं साहित्य ढीगभर मिळतं, पण एवढ्या गर्दीत 'मला हे कळलं नाही' असं कोण म्हणणार? आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण उपक्रमातली व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. चांगली आहेत, माझ्याहून चांगली म्हणा हवं तर. पण कुठल्या मिनिटापासून बघायचं, हे सांगायला मित्रच लागतो.

पीडीएफचं मात्र मला कौतुक नाही. उतरवून घेतली की वाचल्याचं समाधान मिळतं, आणि फाइल तशीच पडून राहते. चूकही तितक्याच वेगानं पसरते. गेल्या सत्रात अकरा उत्तरपत्रिकांत एकाच ओळीतलं उणे चिन्ह गळलेलं होतं. अकराही जण एकाच फोटोवरून शिकले होते.

मोबाइल परत घेताना तो विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्हाला पण ॲड करू का?"

मी नको म्हटलं. त्या मुलीला विचारून तो मेसेज तेवढा मागून घेतला. पुढच्या वर्षी टनेलिंग शिकवताना त्या पातळ भिंतीपासून सुरुवात करायची आहे. मराठीत.