मस्टँगच्या इंजिनला हात लावण्याआधी तिच्यावर पाणी ओता

नमस्कार मंडळी! मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजमध्ये तुमचं स्वागत. माझ्यामागे उभी आहे ती १९६६ची फोर्ड मस्टँग. काटेकोर बोलायचं तर हिला 'पोनी कार', म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी म्हणतात, पण व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनवाली मस्टँग मसल कारच्या, म्हणजे दणकट इंजिनच्या अमेरिकन गाड्यांच्या पंगतीत केव्हाच बसली आहे.

कारखान्याने दिलेला हिचा ओळख क्रमांक (नंबर प्लेटवरचा नव्हे) सुरू होतो ६एफ०७सी असा. ६ म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे दोन दारांची, पक्क्या छताची हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ क्युबिक इंचांचं व्ही-एट, २०० हॉर्सपॉवरचं. गाडी बघायला जाल तेव्हा हे पाचवं अक्षर नीट वाचा. तिथे टी असेल तर कारखान्यातून ती सहा सिलिंडरची निघाली होती. मग चाकांचे नट मोजा. सहा सिलिंडरवालीला प्रत्येक चाकाला चार नट, व्ही-एटला पाच. बॉनेटखाली व्ही-एट आणि चाकाला चार नट दिसले, तर इंजिन मागाहून बसवलंय आणि ब्रेक जुनेच ठेवलेत. अशी गाडी मी तरी चालवून बघणार नाही.

आता आजचा मुद्दा. आपण सगळे इंजिनपासून सुरुवात करतो. आवाज, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, सगळी मजा तिथेच असते ना! पण या गाडीला खाणारी गोष्ट काचेखाली लपलेली आहे.

[कॅमेरा बॉनेट आणि पुढच्या काचेच्या मधल्या जाळीवर]

ही जाळी दिसतेय? हिच्याखाली पत्र्याची एक बंद पेटी आहे, तिला काऊल म्हणतात. गाडीत हवा यावी म्हणून पेटीच्या तळाला दोन गोल भोकं आहेत. भोकाभोवती पत्र्याची उभी कड आहे, आपल्याकडे विहिरीला कठडा असतो तशी. पावसाचं पाणी कठड्याच्या बाहेरून वाहत दोन्ही बाजूंनी खाली जावं, अशी रचना. पण जाळीतून पानं पडतात, माती साचते, ती दिवसेंदिवस ओली राहते. कड गंजते, भोक मोठं होतं आणि पाणी थेट तुमच्या पायांवर. तिथून गालिच्याखाली, तिथून फरशीत. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच आहे. त्यामुळे फरशी कुजली की गाडीचा कणाच कुजला. त्यात इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइटच्या पोटात तर मिठाची खाणच आहे! म्हणजे वरून पाणी आणि खालून मीठ.

मी काय केलं होतं सांगतो. फरशीला भोक दिसलं, म्हणून आधी फरशी बदलली. जुना पत्रा कापला, नवा वेल्ड केला, रंग दिला. तीन महिन्यांनी गालिचा उचलला तर खालचं नमदं ओलंचिंब. हात लावला, बोटांना तांबूस चिखल लागला. माझा जीव तुटला हो. पाणी कुठून येतंय हे न शोधता मी नवा पत्रा पाण्यात ठेवला होता.

म्हणून गाडी घेण्याआधी ही परीक्षा करा. एकाने तांब्याने जाळीवर हळूहळू पाणी ओतायचं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. दुसऱ्याने टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणं पडायचं. पाइप लावू नका, धो-धो पाण्यात थेंब कुठून सुटला ते कळत नाही.

काऊलच्या भोकांवर वरून चिकटवायची प्लॅस्टिकची कडी मिळतात. गाडी महिन्याभरात विकायची असेल तर लावा, पण खालचा गंज तसाच वाढत राहतो. मला ते पटत नाही. खरं काम म्हणजे पुढचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे काढायचे, काऊलचे स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यांसारखे जोड एकेक करून ड्रिलने सोडवायचे, वरचा पत्रा उचलायचा, खालचा बदलायचा, जोडांवर झिंक प्रायमर आणि सीलर लावून परत वेल्ड करायचं. माझे पाच शनिवार-रविवार गेले. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, डॅशबोर्डमागचं वायरिंग बाजूला घ्या आणि पेट्रोलची टाकी उतरवा. या गाडीत टाकी डिकीच्या फरशीतच आहे, विसरू नका.

मग ब्रेक. १९६६च्या मस्टँगला मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचा, एकच कप्पा आहे. चारपैकी एका चाकाची लाइन फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७पासून फोर्डने दोन कप्पे दिले. दोन कप्प्यांचा सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक हा बदल करताना गाडी मूळ राहणार नाही याचं दुःख अजिबात मानू नका. घरच्यांना बसवायचंय त्यात.

हौसेचा बदल एकच सांगतो. पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म, म्हणजे चाकाला धरणारा दांडा, ज्या भोकांत बसतो ती साधारण एक इंच खाली पाडायची. फोर्डचे इंजिनियर क्लाउस आर्निंग यांची ही कल्पना, १९६५च्या शेल्बी जीटी३५०, म्हणजे मस्टँगच्याच वेगवान आवृत्तीत वापरलेली. वळणावर बाहेरचा टायर रस्त्याला जास्त सपाट टेकतो. खर्च फक्त साचा आणि ड्रिलचा, आणि स्टिअरिंग हातात घेतल्यावर फरक लगेच जाणवतो.

चला, नव्या काऊलवर आज पहिल्यांदाच पाणी पडणार आहे. मुलगा तांब्या घेऊन वर उभा आहे, मी खाली जातो.

[डॅशबोर्डखालून]

"बाबा, ओतू?"

"ओत. हळू. डावीकडे आधी."

पाण्याचा आवाज येतोय, फेंडरमागून खाली चाललंय. कड कोरडी आहे. टॉर्च जवळ घेतो... सीलरवर एक थेंबही नाही.

"आता उजवीकडे ओत रे!"