टाकीतली भरती-ओहोटी

(ओहोटी. खाडीकाठ, कांदळवनाची मुळं, काळा चिखल.)

पाणी उतरलं की खाजण उघडं पडतं. चिखलाचा वरचा बोटभर थर तपकिरी. पाय रुतला की खालचा थर काळाकुट्ट निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. रंग आणि वास, दोन्हींचं मूळ एकच. बोटभर खाली हवा पोचत नाही. तिथले जीवाणू ऑक्सिजनच्या जागी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चिखलातल्या लोखंडाशी तो मिळाला की काळं आयर्न सल्फाइड तयार होतं.

(गावातलं तळं. काठीनं ढवळलेला गाळ, बुडबुडे.)

गोड्या पाण्याच्या तळ्यात सल्फेट नावापुरतंच असतं. म्हणून इथं कुजण्याच्या साखळीचं शेवटचं टोक दुसऱ्याच जिवांच्या हाती जातं. ते मिथेन बनवतात. असेच बुडबुडे 1776 साली इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी माज्जोरे सरोवराच्या काठी गोळा केले आणि ती हवा पेटते हे दाखवून दिलं. मिथेन करणारे हे जीव दिसायला जीवाणूंसारखे, पण जीवाणू नव्हेत. 1977 साली कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांची वंशावळच निराळी असल्याचं मांडलं. आज त्यांना आर्किया म्हणतात.

गोबरगॅसची टाकी म्हणजे आपण मागीलदारी बांधलेलं झाकलेलं तळं. किनारपट्टीच्या गावात एवढं सांभाळायचं, की तिची खाडी होऊ नये.

(मागीलदार. चिऱ्याचा गडगा, मिक्सिंग टाकी, शेणात घातलेले हात.)

हा दीनबंधू प्लँट. 1984 साली आलेली ही रचना. विटांचा घुमट, पूर्ण जमिनीत, हलणारा भाग एकही नाही. दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या प्लँटला रोज 50 किलो ताजं शेण आणि 50 लिटर पाणी लागतं. कोकणातली जनावरं चणीनं लहान, दिवसभर बाहेर चरणारी, शेण मिळतं ते रात्रीच्या गोठ्यातलं. तेव्हा जनावरं मोजून प्लँट बांधू नये, आठवडाभर घमेल्यानं शेण मोजावं आणि मग आकार ठरवावा. मोठा बांधलेला प्लँट अर्धपोटी राहतो, आणि असे अर्धपोटी प्लँटच पुढे बंद पडतात.

हात काय करताहेत ते पाहा. गुठळी फोडायची, पेंढ्याची काडी दिसली की बाजूला, खडा लागला की बाजूला. काडी आत गेली तर वर तरंगते, तिची साय धरते आणि सायीखाली गॅस अडतो. खडा तळाशी बसतो आणि टाकीतली जागा वर्षावर्षानं कमी करत जातो. काला आमटीइतका सरसरीत झाला की इनलेटचं बूच काढायचं.

रोज 100 लिटर आत, तेवढंच बाहेर. आतला मुक्काम 40 दिवसांचा. म्हणजे 4000 लिटर रबडी, हा शेणपाण्याचा काला, कायम टाकीत.

आत कामाची वाटणी आहे. पहिली फळी चोथा, पिष्ट, प्रथिनं फोडून विरघळवते. दुसरी त्यांची आम्लं करते. तिसरी त्या आम्लांचं ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करते. चौथी फळी आर्कियांची, तिच्याकडून मिथेन. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात, मिथेनवाल्यांना कित्येक दिवस लागतात. टाकीची बहुतेक दुखणी या एका तफावतीतून येतात.

(आंब्याच्या साली, कोयी, फणसाची चारखंडं.)

मे महिन्यात साली आणि चोथ्याचा ढीग पडतो आणि तो एकदम टाकीत ओतला जातो. साखर भराभर आंबते, आम्ल साचतं, सामू (pH, आंबटपणाचं माप) 6.5 च्या खाली उतरतो आणि मिथेनवाले थांबतात. गॅस येतो, पण पेटत नाही. तो जवळजवळ नुसता कार्बन डायऑक्साइड असतो. अशा वेळी काही दिवस भरणं पूर्ण बंद ठेवायचं. चुन्याची निवळी थोडी थोडी द्यायची. सामूची पट्टी 7 च्या आसपास आली की आधी फक्त शेण. आमसुलाचं पाणी तर टाकीत नकोच, ते मुळातच आंबट.

(मासळीचा लिलाव. टोपल्या, खवले, आतडी.)

मासळीच्या आतड्यांचं दुखणं याच्या उलट. प्रथिनं जास्त, म्हणून अमोनिया साचतो. दिवसाच्या 50 किलो शेणात 5 किलोच्या वर मासळीचा कचरा घालू नये, तोही बारीक चिरून. कोळंबीची टरफलं आत लवकर कुजत नाहीत, ती माडाच्या आळ्यात पुरावीत. खारवलेल्या मासळीचं पाणी मात्र थेंबभरही नको.

कारण पुन्हा खाडीच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, आणि अडीच ग्रॅमहून अधिक सल्फेट. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. तेच पाणी शेणात कालवलं तर सल्फेटवाले जीवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा हायड्रोजन पळवतात. त्या दिवसांत पाणी गोड्या विहिरीचं आणायचं.

(बर्नर. नळीतला लोखंडाचा कीस.)

खाडी टाकीत शिरली की ती अशी दिसते. पितळी जेट काळी, भोक खाल्लेलं. उपाय साधा आहे. गॅसच्या वाटेवर एक रुंद नळी बसवून तिच्यात गंजलेला लोखंडी कीस भरायचा. तांबूस कीस हायड्रोजन सल्फाइड धरून काळा पडतो. बदलताना तो उघड्यावर, पेंढ्यापासून दूर पसरायचा. हवा लागली की तापतो.

नवीन प्लँटला शेजारच्या चालू टाकीतली चार-पाच पिंपं रबडी घालायची. ते विरजण. पहिला गॅस पेटवू नये, त्यात हवा मिसळलेली असते, तो सोडून द्यायचा. टाकी मेअखेर भरून झालेली बरी. पावसाळ्यात भूजल वर आलं की रिकाम्या टाकीला बाहेरून दाब बसतो आणि ती तडकते. इनलेटवर पत्रा हवाच, नाहीतर आषाढातला पाऊस रबडी धुऊन नेतो.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी शेण आणि मैला या दोन्हींकडे संपत्ती म्हणून पाहायला शिकवलं, ते याच कोकणात.

सरपण वाचतं, धूर जातो, हवेत सुटला असता तो मिथेन चुलीत जळतो.

(संध्याकाळ. निळी ज्योत. मग आउटलेटचा हौद.)

दिवसभर गॅस साठला की घुमटातली रबडी खाली दबते आणि आउटलेटच्या हौदात वर चढते. आता चूल पेटली आहे. हौदाच्या भिंतीवर ओली रेघ आहे ना, पातळी तिच्याखाली चार बोटं उतरली आहे. भात होईपर्यंत आणखी दोन उतरेल. सकाळी पुन्हा रेघेला लागेल, आणि वरून सांडलेली रबडी पाटानं पोफळीच्या आळ्यांत जाईल.