पैसे कशाचे मोजायचे?

मित्रहो, सर्व्हर, नेटवर्क किंवा बिलिंगची यंत्रणा रोजच्या रोज चालवण्याचे काम एखादी कंपनी बाहेरच्या कंपनीकडे काही वर्षांसाठी सोपवते आणि ठरलेल्या दराने त्याचे पैसे देते, ही मॅनेज्ड सर्व्हिसेसची व्यवस्था आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिची चर्चा सुरू झाली की खर्च किती वाचला, हा प्रश्न आधी येतो. माझ्या मते तो दुय्यम आहे. तंत्रज्ञानात खरोखर बदल होतो की जुनाच कारभार नव्या माणसांच्या हाती जातो, हे बहुतांशी करारात पैसे कशाबद्दल द्यायचे ठरले आहे, यावर अवलंबून असते.

भारती एअरटेलचे उदाहरण घेऊ. २००४ साली या कंपनीने मोबाइल नेटवर्कची उभारणी आणि देखभाल एरिक्सनसारख्या उपकरण-उत्पादकांकडे सोपवली आणि आयटीची जबाबदारी दहा वर्षांसाठी आयबीएमला दिली. नेटवर्क हा दूरसंचार कंपनीचा प्राण. तोच परक्याच्या स्वाधीन कसा करायचा, हा तेव्हाचा आक्षेप अनाठायी नव्हता. पण कराराची खुबी मोबदल्याच्या एककात होती. तोवर उपकरणे नगावर विकत घेतली जात, त्यामुळे जास्तीत जास्त उपकरणे गळ्यात मारण्यात विक्रेत्याचा फायदा असे आणि ती वापराविना पडून राहिली तर तोटा मात्र खरेदीदाराचा. नव्या करारात एरिक्सनला पैसे मिळणार होते ते क्षमता प्रत्यक्ष वापरात आल्यावर, आणि तेही अर्लांगच्या हिशेबाने. कॉलची एक वाहिनी तासभर सलग व्यापलेली राहिली की एक अर्लांग वाहतूक झाली, असा हा हिशेब. आयबीएमचा मोबदलाही एअरटेलच्या महसुलाशी जोडलेला होता. २००९ साली एअरटेलच्या मोबाइल ग्राहकांची संख्या १० कोटींवर गेली. याचे सगळे श्रेय या करारांना देणे अतिशयोक्ती ठरेल, कारण कॉलचे दर आणि हँडसेटच्या किमतीही त्याच काळात घसरल्या, परंतु इतक्या वेगाने विस्तार करताना पुरवठादाराचे आणि कंपनीचे हित एका दिशेला होते, हे नाकारता येणार नाही.

एकक चुकले की काय होते, हे मासिक आढावा बैठकीत दिसते. रात्री दोन वाजता पेमेंटचा सर्व्हर मंदावतो, तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, उघडते, चार तासांत निवारण करण्याची अट असते. साडेतीन तास होत आले की पुरवठादाराचा अभियंता ग्राहकाकडे एखादी लॉग फाइल, म्हणजे यंत्रणेतल्या घडामोडींची नोंद, मागतो, तिकिटाची स्थिती ‘ग्राहकाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ अशी होते आणि घड्याळ थांबते. महिनाअखेरीस एसएलए, म्हणजे करारातल्या सेवेच्या अटी, ९९ टक्के पाळल्याचे हिरवे रकाने पडद्यावर झळकतात, आणि समोर बसलेल्या शाखाप्रमुखाला मात्र त्या रात्रीनंतर आलेले ग्राहकांचे फोन आठवत असतात. या धंद्यात अशा अहवालाला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवे आणि आतून लाल. यात अभियंत्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिकिटाच्या घड्याळाचे पैसे मिळत असतील तर तो घड्याळच सांभाळणार.

दुसरा धोका देखरेखीचा. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेली. हे काम साबिस ही कंपनी करत होती, आणि ती बँकेच्याच मालक समूहातली होती. साबिस स्वतः आणखी ८५ पुरवठादारांवर विसंबून होती. स्थलांतरानंतर असंख्य ग्राहकांना आपली खाती पाहता येईनात, आणि कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला तो बँकेला. घरचाच पुरवठादार म्हणून प्रश्न कमी विचारले जाण्याची शक्यता असते, आणि नेमके तिथेच अधिक विचारायला हवेत.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये सी-एज या सेवापुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला, म्हणजे खंडणीसाठी यंत्रणा अडवून धरणारा हल्ला, झाला, तेव्हा देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाही आल्या, पेमेंटचे व्यवहार काही काळ अडले. लहान बँकेला स्वतःचे डेटा सेंटर परवडत नाही, म्हणून सामायिक सेवा घेणे शहाणपणाचेच आहे. मात्र एकाच दाराने सगळे आत आले की ते दार बंद होण्याची किंमतही सगळेच मोजतात. आयटी सेवा बाहेर देण्याविषयीचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार अंतिम जबाबदारी संचालक मंडळाची आणि वरिष्ठ व्यवस्थापनाचीच राहते. करारातून बाहेर पडण्याची योजना आधीच तयार ठेवणेही त्यांत बंधनकारक आहे.

व्यवहारात ही योजना पुष्कळदा शेवटच्या परिशिष्टात एका परिच्छेदात उरकलेली असते. प्रशासकाचे पासवर्ड कुणाकडे आहेत, गेल्या तीन वर्षांत प्रणालीत केलेले बदल कुठे लिहून ठेवले आहेत, आणि पुरवठादाराने उद्या काम थांबवले तर ती कागदपत्रे वाचून समजणारे निदान चार-पाच अभियंते आपल्या पगारावर आहेत का, हे प्रश्न सही करण्याच्या आधी विचारावेत, कारण सही झाल्यावर त्यांच्या उत्तरांचे वेगळे बिल येते.