पेटीचा उपास

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिला आहे, ‘चर्चमधलं संगीत आणि उपासनेचं वर्ष’. वेळ चाळीस मिनिटं. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि मधले सामान्यकाळाचे आठवडे, असं सगळं ओळीने सांगायचं ठरवून आलोय. पण समोर बघतो तर निम्मी मंडळी आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली, निम्मी बाहेरची. तेव्हा आधी ऑर्गनबद्दल बोलतो, म्हणजे सगळे एका सुरात येतील.

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. पडदा उघडायच्या आधी ऑर्गनने धरलेला सूर आणि त्याच्या शेजारी तबला. बरोबर ना? मागच्या रांगेतले काका मान हलवतायत. काका, तो ऑर्गन आणि आमच्या चर्चमधला ऑर्गन ही सख्खी भावंडं. युरोपातल्या मोठ्या चर्चमधला ऑर्गन नळ्यांचा. एकेका सुराला एकेक नळी, काही नळ्या दोन पुरुष उंचीच्या, काही पेन्सिलीएवढ्या. आपल्याकडे गावोगावच्या चर्चना तो कुठून परवडणार? आपल्याकडे आली ती पायपेटी. नळ्यांच्या जागी पितळेच्या पातळ जिभा, खाली दोन पायटे. पायाने भाता हलवायचा आणि हाताने वाजवायचं. आम्ही तिला ऑर्गन कधी म्हटलंच नाही. ‘पेटी’ म्हणायचो.

ही पेटी आणि वसईचा पाऊस यांचं कधी जमलं नाही. जून लागला की लाकूड फुगायचं, पट्ट्या खाली दाबल्या की वर यायला तयार नसायच्या. भात्याचं कापड झुरळं खायची. आमचे मास्तर पावसाळाभर पेटीच्या पोटात पंधरा वॉटचा दिवा जळत ठेवायचे, आतली हवा कोरडी राहावी म्हणून. एखादा सूर बसला की मागची फळी काढून ती जीभ आकड्याने ओढायची, मऊ ब्रशने झटकायची आणि परत सरकवायची. जिभेखाली धुळीचा एक कण गेला तरी सूर मुका होतो. हे मी मास्तरांच्या शेजारी कंदील धरून शिकलो. वाजवायला त्यानंतर दोन वर्षांनी शिकलो.

आता आज ज्यासाठी मी हे व्याख्यान घ्यायला हो म्हटलं ती गोष्ट. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याला दोन गोष्टी यायला हव्यात. एक, वाजवणं. दुसरी, न वाजवणं. आणि दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे.

हे माझ्या मनाचं नाही. मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सुरुवातीला ज्या सूचना आहेत, त्यांत स्पष्ट लिहिलंय. आगमनकाळात ऑर्गन आणि बाकीची वाद्यं बेताने वाजवायची, नाताळचा पूर्ण आनंद आधीच उधळायचा नाही. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, तर गाणाऱ्यांच्या आवाजाला आधार देण्यापुरतीच वाजवायची. अपवाद उपवासकाळाच्या चौथ्या रविवारचा, त्या दिवशी धर्मगुरू गुलाबी झगा घालू शकतात, आणि मधे येणाऱ्या मोठ्या सणांचा. म्हणजे प्रवेशाआधी उगीच वाजवणं नाही, शेवटी लोक बाहेर पडताना धूमधडाका नाही. लोक गातात तेव्हा खाली सूर धरायचा, गाणं थांबलं की हात मांडीवर.

पहिल्या रांगेतल्या आजी हसल्या, त्यांना कळलं. आजी, तुमच्या घरी एकादशीला साबुदाणा होतो, द्वादशीला पारणं होतं. पारण्याच्या पहिल्या घासाची चव आदल्या दिवसाच्या उपासात असते. आमची पेटीही उपास धरते. बुधवारी कपाळाला राख लागली की तिचा उपास सुरू होतो. तिच्याबरोबर गाण्यांचाही. ‘आलेलुया’, म्हणजे ‘देवाची स्तुती करा’, हा शब्द उपवासकाळात चर्चमध्ये उच्चारतही नाहीत. रविवारचं गौरवगीत, म्हणजे ग्लोरिया, तेही बंद. मध्ययुगात फ्रान्समध्ये काही ठिकाणी हा आलेलुया चक्क पुरण्याचा विधी करत, तिरडी काढून, मुलांच्या हातात मेणबत्त्या देऊन. ईस्टरला तो परत उठणार या खात्रीने. मला हे फार आवडतं. एका शब्दाचा विरह इतक्या मनापासून पाळणारी ती माणसं!

आणि आता माझं दुखणं. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

अलीकडे बऱ्याच ठिकाणी पायपेटी गेली, की-बोर्ड आला. की-बोर्डवर माझा राग नाही, मीही तो वाजवतो. पण त्याच्यात तयार ठेका असतो. बटण दाबलं की ढोल, झांज सगळं सुरू. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात, नाव घेत नाही, मला शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, गायकवृंदात बसायला बोलावलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या दिवशी मिस्सा नसते. प्रवेशगीतही नसतं. धर्मगुरू काहीही न बोलता येतात आणि वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतात. सगळं चर्च गुडघ्यावर. त्या शांततेत माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. नेमक्या त्या क्षणी वाजवणाऱ्या मुलाने वातावरणनिर्मिती म्हणून सूर सोडला. व्हायोलिनसारखा आवाज, खाली हलका ठेका. मुलगा गुणी होता, हात गोड होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की इथे काही वाजवायचं नसतं. मला त्याचा राग नाही आला. रडू आलं. आपण मोठ्या माणसांनी त्याला साथीचे कॉर्ड शिकवले, आणि शांतता कुठे धरायची ते शिकवायचं राहून गेलं.

दुसरं, नाताळची गाणी. आगमनकाळाचे चार रविवार वाट बघण्याचे. पण पहिल्याच आठवड्यापासून सगळीकडे नाताळगीतं सुरू होतात. शाळेत, दुकानांत, सोसायटीत. ते चालायचंच. पण चर्चमध्येही? आणि 26 डिसेंबरला गायकवृंद सुट्टीवर! नाताळचा काळ तेव्हा कुठे सुरू झालेला असतो, तो येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. तान्ह्या बाळाला बघायला लोक जन्माआधी महिनाभर पेढे घेऊन आले आणि बाळ जन्मल्यावर घरात कोणीच नाही, अशी ती गत. हसा, हसा. पण यंदा आपापल्या गायकवृंदात हे बोला.

आता 1972 सालची गोष्ट सांगतो. मी बारा वर्षांचा होतो. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मास्तरांचा उजवा पाय सुजला, पायटा दाबता येईना. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘बाळा, तू खाली बस आणि हातांनी पायटे दाब. मी वर वाजवतो.’ पवित्र गुरुवारी संध्याकाळी उपवासकाळ संपतो आणि गौरवगीत परत येतं, पण एकदाच. ते चालू असताना सगळ्या घंटा वाजवतात, आणि मग घंटाही गप्प. पेटीही गप्प. मास्तरांनी झाकण लावलं, किल्ली फिरवली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. नियमाप्रमाणे गाण्याला आधार म्हणून थोडं वाजवायला हरकत नव्हती, पण मास्तर तेवढंही वाजवत नसत. शुक्रवार गेला. शनिवारचा दिवस गेला.

शनिवारी रात्री जागरणाची उपासना. बाहेर अंगणात अग्नी पेटवला, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटवली, तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. आमच्याकडे तेव्हा गौरवगीतापर्यंत विजेचे दिवे लावत नसत. एप्रिलचा उकाडा, मेणाचा वास, आणि मी पेटीच्या पायाशी मांडी घालून बसलेलो. मला वेदी दिसत नव्हती. मला दिसत होत्या फक्त मास्तरांच्या चपला आणि सुजलेल्या पायाला बांधलेलं फडकं. वर जुन्या करारातली वाचनं चालली होती. सृष्टीची निर्मिती, अब्राहाम, तांबडा समुद्र. सात वाचनं, प्रत्येकानंतर स्तोत्र, सगळं पेटीशिवाय, नुसत्या गळ्याने. माझ्या डोळ्यांवर झोप येत होती.

सातवं वाचन संपलं. मास्तरांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. ती खूण होती.

आता जे पेटी वाजवतात त्यांना ठाऊक आहे की पट्टी दाबायच्या आधी भाता चालवावा लागतो, नाहीतर पहिला सूर रडका येतो. मी पायटे दाबले. एक, दोन, एक, दोन. तीन दिवस न हललेलं चामडं करकरलं. त्या अंधारात, तेवढ्या शांततेत ती करकर सगळ्या चर्चला ऐकू गेली असणार, कारण बाकांवर चुळबुळ झाली, हातातल्या मेणबत्त्या हलल्या. लोकांना कळलं. अजून एकही सूर वाजला नव्हता, पण पेटीने श्वास घेतला होता. मग मास्तरांनी आवाज वाढवायच्या सगळ्या खुंट्या बाहेर ओढल्या आणि दोन्ही हात भरून पहिला सूर लावला. दिवे लागले, घंटा सुरू झाल्या, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती गात होती. माझे हात भरून आले होते पण मी पायटे सोडले नाहीत. तेव्हापासून मी दर ईस्टरला गौरवगीताआधी दोन श्वास थांबतो. की-बोर्ड असला, भाता नसला, तरी थांबतो.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणून. अजून अख्खं वर्ष बाकी आहे! भरभर जातो.

आगमनकाळ. त्यात ऐकण्यासारखं काय, तर 17 ते 23 डिसेंबर, सात संध्याकाळी मरियेच्या स्तोत्राआधी गायची सात लहान पदं. प्रत्येक ‘ओ’ने सुरू होतं. हे सुज्ञते, हे प्रभो, असं एकेका नावाने ख्रिस्ताला हाक. त्या लॅटिन हाकांची पहिली अक्षरं शेवटाकडून उलटी लावली की ‘एरो क्रास’ होतं, म्हणजे ‘उद्या मी येईन’. आपल्या गायकवृंदांनी ती मराठीत नक्की बसवावीत.

नाताळ. ‘सायलेंट नाइट’ तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. 1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं, साथीला गिटार होतं, ऑर्गन नव्हता. शब्द योसेफ मोर या धर्मगुरूंचे, चाल फ्रान्झ ग्रूबर यांची.

ईस्टर पन्नास दिवसांचा. उपास चाळीसचा, पारणं पन्नासचं, हा हिशोब लक्षात ठेवा. या पन्नास दिवसांत आलेलुया भरभरून गायचा. शेवटी पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याचा सण. त्या दिवशी शुभवर्तमानाआधी एक जुनं लांब पद गायचं असतं, ‘ये पवित्र आत्म्या’. अशी पदं मध्ययुगात पुष्कळ होती, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, आणि त्यांतली सक्तीची दोनच, ईस्टरचं आणि हे. ते वाचून दाखवू नका, गा.

मरियेची गीतंही ऋतूप्रमाणे बदलतात. चार आहेत, रात्रीच्या प्रार्थनेच्या शेवटी गायची. ईस्टरमध्ये ‘रेजिना चेली’, पेंटेकॉस्टनंतर बरेच महिने ‘साल्वे रेजिना’. आपण भैरव संध्याकाळी गात नाही, तसंच हे.

मराठीचा मुद्दा. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ओवी गायची असते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ताची कथा मराठी छंदात गाण्यासाठी तयार होती, आणि तरी मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. माझी आजी ती लॅटिन तोंडपाठ म्हणायची. 4 डिसेंबर 1963ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला. त्यात नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखला, आणि प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संगीतालाही दार उघडलं. तबला, बासरी, भजनी चाल चर्चमध्ये आली ती त्या दारातून. आज आमचं प्रतिसाद-स्तोत्र, म्हणजे वाचनानंतर लोकांनी उत्तरादाखल गायचं स्तोत्र, भूप रागात आहे. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे चार आवाजांची बांधणी करताना घाम फुटतो, पण लोक दुसऱ्याच रविवारी गायला लागले.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय बसणार नाही. 1903 साली पोप दहाव्या पायस यांनी चर्चसंगीताचे नियम काढले. पियानोला बंदी घातली, ढोलाला घातली, ती मला समजते. त्याच नियमांत स्त्रियांना गायकवृंदात जागा नाकारली होती. आज माझ्या गायकवृंदात बावीस जण आहेत, त्यांतल्या पंधरा बायका. कोणी शेतातून येते, कोणी विरार लोकल पकडून कामावरून थेट सरावाला येते. त्यांच्याविना वसईतलं एकही चर्च रविवारी गाऊ शकणार नाही. हे इथे माइकवर सांगायचं होतं.

सामान्यकाळाबद्दल काहीच बोललो नाही, आणि वर्षातले सर्वांत जास्त आठवडे तेच. तेहतीस किंवा चौतीस. हिरवा रंग, नेहमीची चाल, रोजची भाजी-भाकरी. त्याच आठवड्यांत लोक गायला शिकतात. शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण, तो परवाच झाला. मी सगळ्या खुंट्या ओढून वाजवलं.

येत्या रविवारी आगमनकाळ लागतोय. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सराव आहे, ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी या. दोनच खुंट्या बाहेर असतील.