दोनपैकी एक इंजिन गेलं, तर आधी कुठे बघायचं?

नमस्कार. समजा, आपण 1000 फुटांवर आहोत. दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर, वेग 120 नॉट. अचानक कानात हॉर्न वाजतो. टॉर्कच्या, म्हणजे प्रत्येक इंजिन किती जोर लावतंय ते दाखवणाऱ्या, दोन सुया आतापर्यंत एकमेकींना चिकटून होत्या, त्या फाकतात. एक वर, एक खाली. अशा वेळी शिकणाऱ्याचा हात जातो थ्रॉटलकडे. खाली गेलेली सुई म्हणजे मेलेलं इंजिन, करा बंद!

तो हात मला आज थांबवायचा आहे.

पंखावर इंजिनं असलेल्या विमानात एक इंजिन गेलं की नाक त्या बाजूला ओढलं जातं, पायलटच्या पायांना ते लगेच कळतं. हेलिकॉप्टरची दोन्ही इंजिनं मात्र एकाच मुख्य गिअरबॉक्सला जोडलेली असतात. डावं जावो की उजवं, नाक थोडंसं हलतं ते फक्त एकूण टॉर्क बदलल्यामुळे. आणि मेलेलं इंजिन रोटरला, म्हणजे डोक्यावरच्या पंख्याला, अडवतही नाही, कारण मध्ये फ्रीव्हील असतं. सायकलचं पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तेच. सोय मोठी आहे, पण कुठलं इंजिन गेलं हे अंगाला जाणवत नाही. ते काट्यांवरूनच ओळखावं लागतं.

म्हणून पहिली नजर रोटरच्या आरपीएमवर, म्हणजे तो किती वेगाने फिरतोय त्यावर. टॉर्क नंतर.

[स्क्रीनवर: रोटर आरपीएमचा काटा खाली येताना]

आरपीएम घसरतोय? मग एक इंजिन ताकद देत नाहीये आणि दुसरं एकट्याने ओढतंय. डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे रोटरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, खाली, आरपीएम हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत आणि उरलेल्या इंजिनाचा टॉर्क मर्यादेत बसेपर्यंत. इथे कमी टॉर्कवालं इंजिन आजारी.

[स्क्रीनवर: तोच काटा वर चढताना]

आता हे नीट बघा. सुया तशाच फाकल्यात, पण आरपीएम वाढतोय. इथे एका इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे आरपीएम कायम राखण्यासाठी इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी यंत्रणा, बिघडून ते सुसाट सुटलंय. रोटर जोरात फिरतोय हे पाहून दुसऱ्या, निरोगी इंजिनाने आपणहून ताकद कमी केली आहे. म्हणजे खाली गेलेली सुई चांगल्या इंजिनाची! ते बंद केलं, तर हातात उरतं फक्त बिघडलेलं. आणि इथे कलेक्टिव्ह खाली नेला तर रोटर आणखी पळेल. तो वर घ्यायचा, रोटरवर भार टाकायचा, मग जास्त टॉर्कवालं इंजिन आवरायचं. टॉर्कच्या सुया दोन्ही वेळा सारख्याच फाकतात, हात मात्र उलट्या दिशांना जातो. म्हणून मी आरपीएमचा एवढा आग्रह धरतो.

चुकीचं इंजिन बंद करणं ही नवख्यांचीच चूक नाही. 8 जानेवारी 1989 ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग 737 कोसळलं. बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी उजवं बंद केलं. 47 माणसं गेली. ते विमान होतं, पण घाई तीच. म्हणून दोघांच्या कॉकपिटमध्ये एक जण लिव्हरवर हात ठेवून इंजिनाचा नंबर मोठ्याने म्हणतो, दुसरा बघून होकार देतो, तेव्हाच लिव्हर हलतो.

आता वेग. एकाच जागी तरंगायला खूप ताकद लागते. पुढे जाऊ लागलो की ती कमी होत जाते, बऱ्याच हेलिकॉप्टरांत 60 ते 80 नॉटच्या आसपास सर्वांत कमी, पुढे पुन्हा वाढते. आपण 120 वर होतो, म्हणून नाक किंचित वर करून त्या वेगाला यायचं. नेमका आकडा तुमच्या हेलिकॉप्टरच्या फ्लाइट मॅन्युअलमधला. काही इंजिनांना अशा प्रसंगासाठी 30 सेकंद आणि 2 मिनिटांची जादा ताकद दिलेली असते. ती वापरली की नंतर इंजिनाची तपासणी सक्तीची.

थोडं स्थिरावलो की स्वतःला विचारायचं: इंजिन कशामुळे गेलं? कारण इंधनाचं असेल तर दुसरंही त्याच वाटेवर आहे. 29 नोव्हेंबर 2013 ला ग्लासगोत पोलिसांच्या ईसी 135 चं उजवं इंजिन बंद पडलं, 32 सेकंदांनी डावं. मुख्य टाकीत इंधन होतं, पण ते इंजिनांच्या टाक्यांत पोचवणारे पंप बंद होते. हेलिकॉप्टर एका पबच्या छतावर कोसळलं, 10 जण गेले.

राहिलं उतरणं. वेग कमी केला की ताकदीची मागणी पुन्हा चढते, आणि आपल्याकडे आहे एकच इंजिन. त्यामुळे वजन जास्त असेल, हवा गरम असेल, तर तरंगून अलगद टेकायचा हट्ट सोडायचा. लांब, मोकळी धावपट्टी निवडायची आणि पुढे जात असतानाच टेकायचं. पुन्हा वर जायचं की उतरायचंच, हे ठरवण्याचा एक बिंदू असतो. त्याच्या खाली आलो की उतरायचंच. चाकं टेकली तरी कलेक्टिव्ह झटकन टाकायचा नाही. हळूहळू खाली, नाक सरळ, आणि हेलिकॉप्टर पूर्ण थांबेपर्यंत पाय पेडलवर.